लाकडी चर्चला दिलेला शब्द

सिंगापूरमधल्या हौगांगच्या बाजारात मी भेंडी निवडत असताना निशिकांतचा फोन आला आणि त्याने मला 'मॅडम' म्हटले. विद्यार्थी होता तेव्हा तो मॅडम म्हणत असे. माझ्या संशोधनावर स्वतःचे नाव घालून ग्रंथ छापल्यावर 'चित्रा' म्हणू लागला. चोराला मालकाशी सलगी करण्याची गरज भासते, हे मला तेव्हा कळले.

"मॅडम, घरी याल का? आत्ता?"

"कशासाठी?"

"दारं बघायला."

मी भेंडी पिशवीत भरली आणि एमआरटीच्या मेट्रोने नोव्हेनाला, त्याच्या घराकडे निघाले.

उत्तर रशियाच्या सरोवरप्रदेशातील लाकडी चर्च आणि त्यांच्याभोवती ओस पडत चाललेली गावे हा माझा विषय. ओंडक्यावर ओंडका रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून उभ्या केलेल्या त्या वास्तू मी कितीतरी उन्हाळे मोजल्या, पेन्सिलीने रेखाटल्या. निशिकांतने सगळी रेखाटने उचलली; गाळल्या त्या फक्त तळटीपा. तळटीपांत गावची माणसे बोलत होती आणि तो त्यांना कधी भेटलेला नव्हता. ग्रंथ गाजला. पाया लेबार भागातल्या एका कलादालनात प्रदर्शन ठरले. मग प्रायोजकांनी अगदी निरागस मागणी केली: लेखकाचे त्या चर्चसमोरचे छायाचित्र हवे.

आता त्याला दुभाषी लागली. "रशियन तुलाच येतं ना, चित्रा. चल की! तिकीट माझ्याकडे लागलं." मी गेले. अपमान शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय त्यावर अभिप्राय देऊ नये, असे माझे मत आहे.

सरोवरातल्या एका बेटावरच्या त्या गावात बाराही महिने राहणारी एकच बाई उरली होती: वेरा. चर्चची किल्ली तिच्याकडे. दार जेमतेम छातीइतके उंच, आत शिरणाऱ्याने वाकावे म्हणून. ऑगस्ट असूनही पाणी शिशासारखे दिसत होते, हवेत राळेचा आणि जुन्या मेणाचा वास होता. निशिकांतने फोटो काढून घेतले, चौकटीवर हात ठेवला आणि पुण्यात एखाद्या घरातून निघावे तसा हसून म्हणाला, "बरंय, येतो हं."

आपल्याकडे निघणारा 'जातो' म्हणत नाही. तो गेला, हे मागे उरलेले म्हणतात, आणि तेही एकदाच.

"काय म्हणाला?" वेराने विचारले.

त्या गावात निघणाऱ्याने चर्चला स्पष्ट 'जातो' असे सांगायचे असते. 'येतो' म्हटले तर तो दिलेला शब्द ठरतो आणि दार वाट पाहू लागते. मी हे एका तळटीपेत नोंदवले होते.

"म्हणतो, मी येतो," मी सांगितले. शब्दशः. भाषांतरात मी कधीही काही गाळत नाही.

वेराने निशिकांतकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिले, मान डोलावली आणि कुलूप न लावताच किल्ली खिशात टाकली. 'येतो' हा तिथे शब्द ठरतो, एवढे मी निशिकांतला परतीच्या होडीत सांगितले; तो हसला.

आता नोव्हेंबर होता. निशिकांतच्या कॉन्डोतल्या फ्लॅटचे दार त्याच्या बायकोने, स्मिताने उघडले. सिंगापूरच्या दुपारी तिने शाल पांघरली होती. एसी बंद होता. हॉलमध्ये राळेचा वास होता.

"ताई, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा यांना काहीतरी. कपाळ बघा कसं झालंय."

निशिकांतच्या कपाळावर एकावर एक टेंगळे आली होती. काही पिवळी पडलेली, काही ताजी.

"बेडरूमचं दार," तो म्हणाला. "रोज थोडं खाली येतंय."

"कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं होतं," स्मिता म्हणाली. "त्यानं टेप लावून बघितलं. म्हणे, स्टँडर्ड साइझ, नो प्रॉब्लेम लाह. तुझ्या नवऱ्यालाच डॉक्टरकडे ने."

मी त्या दारातून ताठ मानेने आत जाऊन परत आले. स्मिताही गेली, आली. मग निशिकांत पुढे झाला. चौकट त्याच्या डोक्याच्या वीतभर वर होती, हे मी पाहत होते. तरीही लाकडावर हाड आपटल्याचा आवाज झाला.



"वेराला फोन करा," तो कपाळ दाबत म्हणाला. "सांगा, माझी बोलायची पद्धत आहे ती. तसा अर्थ नव्हता."

"सांगेन. मुखपृष्ठावर माझं नाव घाल. एकटं."

"अहो, घाला ना त्यांचं नाव!" स्मिता म्हणाली. "तुमचं आहे का ते काम?"

"तू मध्ये बोलू नकोस. मॅडम, प्रदर्शन तोंडावर आलंय, सगळे करार माझ्या नावावर आहेत. दुसऱ्या आवृत्तीत ऋणनिर्देशात पहिलं नाव तुमचं. शब्द देतो."

"शब्द तू फार देतोस, निशिकांत."

कपाळ चोळता चोळताही तो हिशेब करत होता, आणि तो त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होता.

"निदान एवढं तरी सांगा. तिथे काय म्हणायला हवं होतं?"

"जातो."

"एवढंच?"

"एवढंच."

कोणत्या दाराशी म्हणायचे, हे त्याने विचारले नाही. तेही तळटीपेतच होते.

"शी!" स्मिता ओरडली. "घरात असलं अभद्र बोलायचं नाही हं! ताई, दुसरा काही शब्द नाही का?"

"त्या गावात नाही."

निशिकांत दारासमोर उभा राहिला. घसा खाकरला. सभेत आभार मानावेत तशा आवाजात म्हणाला, "जातो."

मग तो वाकला. जवळजवळ रांगतच आत गेला.

राळेचा वास गेला.

उकडू लागले. स्मिताने शाल काढली.

"अहो?"

ती आत गेली. चौदावा मजला, खिडकी बंद. तिने बाथरूमचे दार ढकलल्याचे ऐकू आले.

"ताई, हे आत नाहीयेत."

माझा फोन वाजला. वेराचा आवाजी निरोप होता. तो शब्दशः देते.

"चित्रा, तुझा पाहुणा पोहोचला. होड्या बंद झाल्या आहेत आणि बर्फ अजून पायी येण्याइतका धरलेला नाही, तेव्हा आला कसा ते कळेना. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट आहे. बाहेर येतो म्हणतो, पण दारातून मावत नाही. हात तेवढा बाहेर निघतो. त्या हातात काय देऊ?"

बेडरूममध्ये स्मिता कपाटे उघडून पाहत होती.

"पेन्सिल," मी लिहिले.