छबूबाईच्या दारची शिंदी

जानेवारीतल्या एका शनिवारी, दुपारी चारच्या सुमारास, स्वरूपा हिंदुरावमामांच्या दारात येऊन उभी राहिली. खांद्याला बर्फाचा डबा होता आणि डब्यात सहा रिकाम्या काचेच्या बाटल्या. बारामतीतल्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. शिंदीच्या झाडाचा रस, म्हणजे शिंदी, ज्यामुळं आंबते त्या यीस्टवर तिचा प्रबंध चालला होता. सोमवारी पुण्याला गाईडपुढं नमुने ठेवायचे होते, आणि आजवर गोळा केलेला एकेक नमुना मेलेला निघाला होता. पावडर कालवलेलं पाणी आणि वर साखर. सूक्ष्मदर्शकाखाली काही हलायचं नाही.

शिंदीतलं कळणारा एकच माणूस तिच्या माहितीत होता. हिंदुराव म्हणजे सोमेश्वरनगरच्या कारखान्यातले जुने फिटर. तरुणपणी त्यांना शिंदीचा असा नाद, की मडकं नाकाशी नेलं की सकाळची का सांजची, बांधावरच्या झाडाची का ओढ्यातल्या, ते सांगायचे. मग एकतीस वर्षांपूर्वी अचानक सोडली. का सोडली ते कुणाला कळलं नाही. लीलाबाई मामी त्याचं श्रेय आपल्या नवसाला द्यायच्या आणि मामा त्यावर हो नाही काही बोलायचे नाहीत.

"मी चाखनार न्हाय," मामा पायात चप्पल सरकवत म्हणाले. "वास घीन फकस्त."

"वासच घ्या, मामा. तेवढंच पाहिजे मला."

स्वरूपाच्या स्कूटरवरून दोघं निघाले. पहिलं दुकान एका गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडात. बाकड्यांवर माणसं बसलेली, समोर प्लास्टिकचे ग्लास. मामांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. "साबनाचं पानी." दुसरं एमआयडीसीच्या रस्त्याला. तिथली शिंदी बोटांना चिकटली. मामा बोटं पुसत म्हणाले, "ह्येनं झाड बघितलंच न्हाय कवा."

स्वरूपाची स्वतःची एक खूण होती. शिंदी बाटलीत भरायची, बूच सैल लावायचं आणि काच कानाला लावायची. जिवंत शिंदी आतल्या आत बोलत असते, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी. तिसऱ्या दुकानातली बाटली तिनं बराच वेळ कानाला धरून ठेवली. आत काही नव्हतं.

"ताई, अस्सल शिंदी आता औषधालाबी मिळायची न्हाय," दुकानदार हसून म्हणाला. "झाडं कुनी ठिवली? आन चढनार कोन?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून एक म्हातारा बोलला. "जळोचीच्या म्होरं, वढ्याला एक झाड हाय. छबूबाईच्या दारात. वर मडकं टांगल्यालं दिसतंय."

मामा उठून उभे राहिले. "बास झालं. घरी चल, पोरी."

"मामा, एकच. हे शेवटचं. नसली तर आपण परत."

मामांनी तिच्याकडं असं बघितलं, की ती क्षणभर चपापली. नातेवाईकाकडं बघावं तशी ती नजर नव्हती. मग ते बाहेर गेले आणि स्कूटरवर बसले. वाटेत ते मागून काहीतरी पुटपुटले. "एकच म्हनलो हुतो मीबी…" असं तिला ऐकू आलं. पण स्कूटरचा आवाज होता, वारा होता आणि तिच्या डोक्यात सोमवार होता. तिनं विचारलं नाही.

जळोचीतल्या नव्या इमारती मागं पडल्या. प्लॉट पाडल्याच्या पाट्या संपल्या. डांबर संपलं. दोन्ही बाजूंना उभा ऊस लागला आणि कुठंतरी पाचट पेटवल्याचा धूर जमिनीलगत पसरून राहिलेला. दिवस बुडायला आला होता. ओढ्याजवळ आल्यावर गारठा एकदम अंगावर आला आणि त्या गारठ्यातून वास आला. गोडसर, आंबूस, फुगलेल्या पिठासारखा. मामांचा हात तिच्या खांद्यावर घट्ट आवळला.

ओढ्याच्या काठावर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. दारात एकच शिंदीचं झाड, उंच, काळं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत आलटून पालटून खाचा पाडलेलं. शेंड्याला मडकं. झाडाखाली पितळी पातेलं ठेवलेलं आणि त्यात वरून थेंब पडत होते. टप्… टप्… उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. हिंदुरावांना बघून ती उठली नाही की दचकली नाही.

"आलासा व्हय, हिंदुराव," ती म्हणाली. "लई वर्सं लावली."

मामा खाली मान घालून उभे राहिले. स्वरूपानं आपलं काम सांगितलं, कॉलेजचं नाव सांगितलं, कागदावर फोन नंबर लिहून दिला. छबूबाईनं कागद कमरेला खोचला.

"झाडावरची न्हाय मिळायची. मडकं भरून खाली गळतंय ती घे, बाळ. पायजे तेवढी घे."

स्वरूपानं बाटली भरली, बूच लावलं, काच कानाला लावली. आणि तिचा चेहरा उजळला. आत सरसर चालू होती, बारीक, अखंड. इतकी जिवंत शिंदी तिनं कधी ऐकली नव्हती.

"कोण काढतं आजी ही?"

"आमचं मालक."

"कुठं आहेत ते?"

छबूबाईनं ओढ्यापलीकडं बुडणाऱ्या उजेडाकडं बघितलं. "येतील आता. दिस बुडला की चढत्यात."

कुणी आलं नाही. उसाचं एक पान हललं नाही. आणि बुंध्याशी आवाज झाला.

खर्र…

दोर खोडावर घासावा तसा. थोडं थांबून पुन्हा, हातभर वर. खर्र… स्वरूपा झाडापासून चार पावलांवर उभी होती. बुंध्यावर कुणी नव्हतं. पण खाचेतली साल सुटून भुसा खाली येत होता, तिच्या कपाळावर, ओठांवर. आवाज वर वर जात होता. तो जिथं पोचेल तिथल्या वाळक्या झावळ्या जराशा थरथरायच्या आणि शांत व्हायच्या.

"भिऊ नगंस," छबूबाई हलक्या आवाजात म्हणाली. "एकतीस वर्सं ऐकतीया मी. चढल्याचा आवाज रोज येतो. उतरल्याचा… एकदाबी न्हाय आला."

मामांनी बुंध्याकडं बघत हात जोडले.

"वैनी," ते म्हणाले, "रावजी त्या सांजंला चढाय नगं म्हनत हुता. अंधार पडलाय म्हनला, दोर जुना झालाय म्हनला. मीच म्हनलो, एकच मडकं. शेवटचं. पडल्याचा आवाज आला आन मी… मी सायकल घिऊन पळालो. जिता हुता, वैनी. मला हाका मारत हुता."

"ठावं हाय."

"तुमाला…"

"मी सांगवीला हुते, म्हायेरी. पल्याडच्या वस्तीवरल्यांनी सांगितलं मागनं. सकाळपतूर मारत हुतं हाका. हिंदुराव, हिंदुराव करत हुतं. लोकांस्नी वाटलं, दोघं पिऊन दंगा करत्यात. म्हनून कोन आलं न्हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. स्वरूपाला त्याचीच जास्त भीती वाटली. थेंब पडायचे थांबले होते. आता वर शेंड्याशी पूर्ण अंधार होता, आणि त्या अंधारातून, घसा कोरडा पडलेल्या माणसाचा असावा तसा आवाज आला.

"हिंदुराव… आलास व्हय?"

मामांचे ओठ हलले. "आलो."

"मग… उतरू का आता?"

स्वरूपानं मामांचा दंड धरला. "मामा, बोलू नका. चला इथून." पण मामा वर बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उतर, रावजी," ते म्हणाले. "उतर बाबा खाली."

खर्र… या वेळी आवाज वरून खाली आला. छबूबाई झटकन उठली. तिनं डोक्यावरून पदर घेतला, जसा नवरा घरी येताना घ्यावा. "पोरी, ह्येंला घिऊन जा," ती घाईनं म्हणाली. "मागं बघू नगंस."

स्वरूपानं मामांना ओढत स्कूटरपर्यंत आणलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. ते मागं बसले, स्कूटर सुरू झाली, आणि त्याच वेळी मागं वाळक्या पानांवर दोन पाय टेकल्याचा आवाज झाला. हलका, अलगद. तिनं मागं बघितलं नाही. जळोचीचे दिवे लागेपर्यंत तिनं श्वाससुद्धा नीट घेतला नाही. मामा एक अक्षर बोलले नाहीत. फक्त त्यांचा श्वास तिच्या मानेवर येत होता आणि त्याला शिंदीचा वास होता. मामांनी तर थेंबही चाखला नव्हता.

घरी आल्यावर मामा खुर्चीवर बसले नाहीत. गुडघ्यांच्या दुखण्यानं दहा वर्षं ज्यांना खाली बसता येत नव्हतं, ते भिंतीशी मांडी घालून बसले. रविवारीही बोलले नाहीत. डॉक्टरांनी घसा बघितला, रक्तदाब बघितला, म्हणाले, धक्का बसलाय, येईल आवाज. जेवत होते, झोपत होते, हाताला धरलं तर चालत होते. लीलाबाई देवापुढं दिवा लावून बसल्या.

सोमवारी स्वरूपा पुण्याला जाऊन आली. गाईड नमुना बघून हरखून गेले. तिला त्याचं काही वाटलं नाही. परतताना ती थेट मामांकडं आली. सांज होत होती. मामा भिंतीशी बसून बशीतून चहा पीत होते, मामी आत भाकरी थापत होत्या. स्वरूपा त्यांच्यासमोर बसली. मामा, माफ करा, मीच तुम्हाला नेलं, असं तिला म्हणायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज बारीक येत होता, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"पोरी, मी छबूबाई. शेजारनीच्या फोनवनं बोलतीया. आमचं मालक त्या दिशी उतरलं बघ. खाली उतरल्यालं मी ऐकलं. पन… घरात न्हाय आलं गं. मी दार उघडं टाकून बसले रातभर."

"आजी…"

"आन आता दिस बुडल्याव झाडावनं कोन तरी हाका मारतंय. चढल्याचा आवाज न्हाय आला, नुसत्या हाका. मालकाचा आवाज न्हाय ह्यो. तूच ऐक."

फोनमध्ये वारा घोंगावला. मग लांबून, उंचावरून, थकलेला आवाज आला. तो तिनं लहानपणापासून ऐकला होता.

"स्वरूपे… मला उतराय येत न्हाय गं… लई अंधार हाय…"

समोर मामांनी बशीवर फुंकर घातली.

"लीला…" फोनमधला आवाज म्हणाला. "अगं लीला…"

"आले, आले," मामी आतून म्हणाल्या, चाळीस वर्षांच्या सवयीनं. पिठाचे हात पदराला पुसत त्या दारात आल्या. दोन दिवसांनी नवऱ्याची हाक ऐकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "हाक मारलीत ना मला?"

भिंतीशी बसलेल्या माणसानं बशी तोंडापासून बाजूला केली, लीलाबाईंकडं नीट निरखून बघितलं आणि नाही अशी मान हलवली.