मामाच्या कानामागची पट्टी

"रेल्वेने जाऊ!" मिनजे ओरडला. "उकडलेली अंडी खात खात!"

"बसने!" दोयुन म्हणाला. "बस वाटेत थांबते तिथे गरम अक्रोड-बिस्किटं मिळतात."

"तुम्हाला बोराला भेटायचंय की खायचंय?" गारमने धाकट्या भावाला, दोयुनला टपली मारली.

बोरा ही गारम आणि मिनजेची वर्गमैत्रीण. वडिलांच्या बदलीमुळे ती आन्दोंग सोडून दूर उल्लुंग बेटावर गेली होती. रेल्वे धरा, बस धरा, नाहीतर देओकजिनमामाची गाडी. शेवटी समुद्र ओलांडायला बोटच! मामा सोबत येणार होता. पण सुट्टी लागल्यापासून त्याने दोनदा बेत मोडला होता. "लाटा फार आहेत, बोट रद्द!"

गारमने बोराला फोन लावला. "तिकडे खूप लाटा आहेत ना गं?"

"छे! समुद्र चटईसारखा सपाट आहे. दोन्ही वेळा मी धक्क्यावर उभी होते. बोट आली, तुम्ही नाही आलात." बोराचा आवाज चिरका झाला. "असू दे. आता मी नाही जायची धक्क्यावर."

फोन बंद झाला.

"म्हणजे मामा खोटं बोलतो?" दोयुन गोंधळला. "पण का? आणि रोज संध्याकाळी जातो कुठे?"

"प्रेमप्रकरण!" मिनजे म्हणाला.

"त्याच्या कानामागे पट्ट्या आहेत. विचारलं तर म्हणाला, डास चावले," गारम म्हणाली.

"दोन्ही कानांमागे, एकाच जागी? भलतेच शिस्तीचे डास!" दोयुन म्हणाला.

त्या संध्याकाळी तिघं मामाच्या मागावर निघाले. मामा गल्ली ओलांडून बालोद्यानात शिरला. इकडेतिकडे बघून झोपाळ्यावर बसला आणि डोळे मिटून झोके घेऊ लागला! चेहरा पालकाच्या भाजीसारखा हिरवा. तिघांना काहीच कळेना.

एकदम मिनजेने कपाळावर हात मारला. "अरे, त्या पट्ट्या माझी आजीपण लावते! तिला बोट लागते, मळमळतं!"

"मामा!" गारम पुढे झाली.

मामा झोपाळ्यावरून पडता पडता वाचला. "सैन्यात असताना बोटीवर सगळ्यांसमोर ओकलो होतो," तो पुटपुटला. "तेव्हापासून समुद्राचं नाव काढलं तरी ढवळतं. म्हटलं, झोक्यांनी सवय करू, मग तुम्हाला नेऊ..."

"मग खरं सांगायचं ना! तिकडे बोरा वाट बघतेय!"

मामा खाली मान घालून बसला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"तुझ्या गाडीने हूपो बंदरात जायचं," गारम म्हणाली. "तिथून गाड्या नेणारी मोठी बोट सुटते. ती कमी डोलते. तू आडवा पड, आम्ही तुझ्याशी बडबड करू."

"बडबडीने तर नक्की ओकेन," मामा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी त्यानेच बाहेर काढली.

बेटाच्या धक्क्यावर बोराचे बाबा हसत पुढे आले. "शाब्बास, पोरांनो! ह्याला बोटीवर चढवणं आम्हा जुन्या मित्रांना कधी जमलं नाही!"

"ही जमीन का हलतेय?" मामाने कण्हत विचारलं.

बाबांच्या मागे बोरा उभी होती.

"धक्क्यावर जाणार नाही म्हणाली होतीस ना?" गारमने विचारलं.

"रोजच म्हणते, तरी येते!" बोरा म्हणाली आणि तिने गारमला घट्ट मिठी मारली.