स्क्यारॉयवर दार कुणी ठोठावत नाही

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, ऐकीव नाही.

डिसेंबर २००९. नॉर्वेच्या उत्तरेला, आमचं स्क्यारॉय बेट. भर दुपार होती, पण हिवाळ्यात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही. बाहेर मिट्ट काळोख.

मी आणि ओलाउग आत्या उकडलेला मासा नि बटाटे खात बसलो होतो.

आणि...

टक. टक. टक.

मी खाता खाता थांबलो. आमच्या बेटावर दार कुणी ठोठावत नाही. कडी उचलायची, बूट आपटून बर्फ झाडायचा आणि सरळ आत यायचं. ठोठावतो तो परका. आणि वादळामुळे त्या दिवशी बोटच आली नव्हती.

मग हा परका आला कुठून?

"सिगवार्ट आला," आत्या म्हणाली.



सिगवार्ट हा तिचा थोरला भाऊ. युद्धात जर्मनांच्या हातावर तुरी देऊन ब्रिटिशांच्या शेटलंड बेटांवर पळाला होता. चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात गुपचूप परतला आणि दार ठोठावलं. परमुलखात लागलेली सवय! घरच्यांना वाटलं, जर्मनच आले. आजोबांनी खुणावलं, आणि लहानग्या आत्यानं हळूच अडसर लावला...

सकाळी तो किनाऱ्यावर नावा ठेवायच्या छपराखाली गोठलेला सापडला.

टक. टक.

"आत्या, उघडू नकोस. तो काकाच कशावरून?"

"गप रे! माझ्या भावाला मी ओळखत नाही होय?"

"तेव्हा तरी कुठं ओळखलं होतंस?"

ती उठली आणि दार सताड उघडलं.

"अरे वेड्या, स्वतःच्याच घराचं दार कुणी ठोठावतं का? ये, सरळ आत ये."

बाहेर कुणीच नव्हतं. ताज्या बर्फावर एक ठसासुद्धा नाही. नुसता गार वारा आत आला...

आणि तंबाखूचा वास.

आत्या रडत हसत होती. मला मात्र बाबांचं बोलणं आठवलं. सिगवार्टला तंबाखूचा धूरसुद्धा सहन व्हायचा नाही.

आत्या त्याच हिवाळ्यात गेली. भाऊ घरी आला, या समाधानात गेली. मी तिला काही सांगितलं नाही.

आता घरात मी एकटाच. त्या दिवसापासून दार कुणी ठोठावलेलं नाही.

पण मधूनच कडी उचलली जाते. उंबऱ्यावर बूट आपटल्याचा आवाज येतो. मग तो वास...

ठोठावत नाही आता. घरचाच झालाय.

कोण, ते मला अजून माहीत नाही.