दोनच द्राक्षं

लहान मुलांना किळस का आवडते, हे कोडं मला साठी उलटली तरी सुटलेलं नाही. ऑक्टोबर संपत आला की आमच्या ओहायोतली शहाणीसुरती माणसं सॉसेजची बोटं करतात, त्यांना कांद्याची नखं लावतात आणि वर टोमॅटो सॉस ओततात. शी! खायच्या वस्तूची ही काय दशा! पण हॅलोविनला नातीपुढे आजीचं काय चालणार?

माझी नात हॅटी चार वर्षांची. त्या दुपारी तिच्यासकट पाच पोरं माझ्याकडे होती. कागदी ताटल्यांचे कोळी झाले, पुठ्ठ्याच्या नळ्यांची वटवाघळं झाली. टेबलभर डिंक, आणि शेजारच्या वेस्लीचा शेंबूड थेट वटवाघळाच्या पंखावर. अर्ध्या केळ्यांना चॉकलेटचे डोळे लावून भुतं केली, तर पोरांनी ती एकेकदा चाटली आणि परत ताटात ठेवली. मी तिकडे बघायचंच सोडून दिलं.

सून क्रिस्टा सकाळीच बजावून गेली होती. "आई, द्राक्षं उभी चिरायची हं, चार-चार तुकडे. मागच्यासारखं झालं तर हॅटीला पुन्हा इथे सोडणार नाही. सांगून ठेवते."

क्रिस्टाचं चुकत नव्हतं. मागे हॅटीच्या घशात द्राक्ष अडकलं होतं. मी पाठीत थापट्या मारून काढलं, पण त्यानंतर तीन महिने पोर माझ्या दृष्टीस पडली नाही. ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. म्हणून सगळा घड चिरला. फक्त दोन द्राक्षं सोलून अख्खी ठेवली. ती खायची नव्हती, खेळाची होती.

खेळ आमच्याकडचा जुनाच. तळघरात गोल बसायचं, मांडीवर चादर पसरायची आणि तिच्याखालून वाडगे हातोहात फिरवायचे. बघायचं नाही, नुसतं चाचपायचं. तेल लावलेली गार स्पॅगेटी म्हणजे मेलेल्या माणसाची आतडी. सोललेला टोमॅटो म्हणजे काळीज. द्राक्षं म्हणजे डोळे. माणसाला डोळे दोनच, म्हणून द्राक्षंही दोनच.

स्पॅगेटीचा पहिला वाडगा निघाला. पोरं किंचाळली, खिदळली.

"गरम आहे," वेस्ली म्हणाला.

"गप रे. सकाळपासून फ्रिजमध्ये होती."

"नाही आजी, खरंच गरम आहे."

मी हात घातला. मी शेतावर वाढलेली बाई. आठव्या वर्षापासून कोंबड्या साफ केल्यात. नुकत्याच मारलेल्या कोंबडीच्या पोटात हात घातल्यावर जी ऊब लागते ती मला पक्की ठाऊक आहे. तीच ऊब, तोच बुळबुळीतपणा. चादर उचलून पाहिलं तर वाडग्यात स्पॅगेटी. बोट लावलं, तर बर्फासारखी गार.

म्हातारपणी हाताची जाण गेली, दुसरं काय, असं मनाशी म्हणून मी दुसरा वाडगा सोडला. तिथेच थांबायला हवं होतं. पण पोरं ओरडत होती, आणि त्यांच्यासमोर घाबरायची मला लाज वाटली.

टोमॅटो हातात घेऊन वेस्ली हसायचा थांबला.

"हे उड्या मारतंय," म्हणाला, आणि हात चड्डीला पुसायला लागला. पुसतच राहिला.

मी काही बोलेपर्यंत तिसरा वाडगा आपोआप पुढे निघालाही होता. कुणी सरकवला, देव जाणे. फिरत फिरत तो हॅटीपाशी गेला. तिचा हात चादरीखालून बाहेर आला, तोंडाकडे गेला.

"हॅटी! थुंक! थुंक आधी!"

तिनं गिळलं. घशातून काहीतरी गोल खाली उतरताना मला दिसलं.

मी तिला धरून पालथं घातलं, पाठीत थापट्या मारल्या. ती नुसती हसत होती. श्वास चालू होता. अडकलं नव्हतं, गेलं होतं. आता क्रिस्टाला काय सांगू?

मग वाडगा बघितला.

त्यात दोन द्राक्षं होती. सोललेली, अख्खी.

मी हॅटीच्या तोंडात बोट घालून गालातून, जिभेखालून फिरवलं. हाताला काही लागलं नाही. बोट बाहेर काढलं तेव्हा त्याला लाळेत एक केस चिकटला होता. जाड, करडा, आखूड, टोकाला वळलेला.

पापणीचा.

मी तीनदा साबणानं हात धुतले. अजूनही त्या बोटानं मी काही खात नाही.

पाच वाजता क्रिस्टा आली. "झालं ना सगळं नीट?"

"झालं," मी म्हणाले. पोर पुन्हा तुटेल या भीतीनं म्हणाले.

तिनं हॅटीला गाडीत मागे बसवलं, पट्टा लावला. हॅटीनं काचेला चेहरा लावून तोंड वासलं होतं.

"मीट ना गं तोंड. माशी जाईल."

"नाही मम्मी. मिटलं की त्याला अंधार होतो."

क्रिस्टा हसली, पुढे जाऊन बसली.

हॅटीनं उघडं तोंड माझ्याकडे वळवलं. मी एक पाऊल बाजूला सरकले.

तोंडही सरकलं.