घोरपडीची मोटर

सपाट मैदानावर सगळ्यांना मागे टाकणारी घोरपड चढावर येताच जागच्या जागी थांबली. मोटर घुं घुं करत राहिली, पट्टे तसूभरही हलले नाहीत आणि पोटातून जळका वास आला. बॅटरी तर पूर्ण भरलेली होती. मग झालं काय?

घोरपड हा यामिनी आणि चारुता या मैत्रिणींनी बनवलेला, रणगाड्यासारखा पट्ट्यांवर चालणारा छोटा यंत्रमानव होता. लोणारजवळ चंद्रावरच्या विवरासारखं एक मैदान तयार केलं होतं. तिथे मुलांच्या यंत्रांची निवड चालली होती. निवडलेलं यंत्र खरोखर चंद्रावर जाणार होतं.

परीक्षकांनी विचारलं तेव्हा चारुता लगेच म्हणाली, "पट्टे यामिनीने बसवले होते. फार आवळले तिने."

पट्टे दोघींनी मिळून बसवले होते. घोरपड बाद झाली, आणि दुपारी चारुता दुसऱ्या गटाच्या तंबूत हसत बसलेली दिसली.

यामिनीचे आजोबा अवकाशयानांची यंत्रं बनवण्यात म्हातारे झाले होते. त्यांनी तिची समजूत घातली नाही. घोरपड उलटी करून पट्टा बोटाने दाबून पाहिला.

"पट्टा ठीक आहे. मोटर कशावरून निवडलीत?"

"सगळ्यांत जोरात फिरत होती."

"घाटात सायकलचा गिअर का बदलतेस?"

"पाय हलके पडतात म्हणून."

"आणि वेग?"

"कमी होतो."

"मोटरचंही तसंच. गिअरपेटी (लहानमोठ्या दातेरी चाकांची पेटी) वेग घेते आणि त्या बदल्यात पीळ (चाक फिरवणारा जोर) देते. आधी पीळ किती लागेल ते काढायचं, मग मोटर निवडायची. तुम्ही उलट केलंत."

त्यांनी तिलाच हिशेब करायला लावला. घोरपड चार किलोची. तीस अंशांच्या चढावर निम्मं वजन तिला मागे ओढतं, म्हणजे साधारण वीस न्यूटन (बल मोजायचं एकक). पट्ट्यांच्या घर्षणाचे दहा धरले, तर तीस. पट्टा ओढणाऱ्या चाकाची त्रिज्या तीन सेंटिमीटर, म्हणजे शून्य पूर्णांक शून्य तीन मीटर; म्हणून तीस गुणिले शून्य पूर्णांक शून्य तीन. एकूण पीळ शून्य पूर्णांक नऊ न्यूटन-मीटर. दोन पट्ट्यांच्या दोन मोटरींत वाटला की प्रत्येकीला शून्य पूर्णांक पंचेचाळीस.

"एकटी मोटर फक्त शून्य पूर्णांक शून्य एक देते," यामिनी म्हणाली. "आम्ही वीसपट गिअर लावला. म्हणजे शून्य पूर्णांक दोन. निम्माही नाही."

"म्हणून ती अडकली. अडकलेली मोटर सगळ्यात जास्त वीज ओढते आणि तिची नुसती उष्णता होते."

"मग पंचेचाळीसपट लावू?"

"दात एकमेकांवर घासतात, थोडा पीळ तिथेच जातो. शिवाय वळताना पट्टे आडवे घसटतात, तेव्हा जोर आणखी लागतो. शंभरपट लाव."

मोटर मिनिटाला सहा हजार फेरे घ्यायची. शंभराने भागल्यावर उरले साठ, सेकंदाला एक. एका फेऱ्यात घोरपड जेमतेम वीतभर सरकणार होती.

दोन दिवसांनी तशाच नव्या मोटरी आणि गिअरपेट्या बसवून यामिनी मैदानावर गेली. मांडव उतरवायचं काम चालू होतं. निवड जाहीर होऊन परीक्षक निघून गेले होते. घोरपड चढाला लागली. खडी घरंगळली, पट्टे कुरकुरले, पण ती थांबली नाही. माथ्यावर जाऊन वळलीसुद्धा.

यामिनीला वाटलं होतं, आनंद होईल. पण तो झाला नाही.

"चढली की," मागून चारुता म्हणाली. तिचा नवा गटही निवडला गेला नव्हता. "कितीपट लावलास?"

"शंभर."

"मी त्यांना सांगू का, पट्ट्यांचा दोष नव्हता म्हणून?"

"आता कोणाला सांगणार? कोणी राहिलंय का इथे?"

चारुता म्हणाली, "पुढचं यान दोन वर्षांनी आहे. पुन्हा मिळून करू?"

"नाही," यामिनी म्हणाली. "मी एकटी करणार आहे."

तिने घोरपड उचलली आणि शेजारच्या, पस्तीस अंशांच्या चढाच्या पायथ्याशी नेऊन ठेवली.