हनुवटीवरची खूण

महामाया खुणेने भाचीला विचारत होती, आणखी भाकर हवी का… आणि तेवढ्यात भावजय मंजुश्रीने तिचे दोन्ही हात धरून खाली दाबले. त्या क्षणी महामायाला कळले, या घरातली आपली जीभ आज कापली गेली!

ती जन्मतःच बहिरी, म्हणून मुकी. भावाची मयुरीही तशीच जन्मली तेव्हा मलकापूरच्या त्या घरात सगळे रडले. एकटी महामाया रडली नाही, कारण त्या लेकराशी बोलायचे कसे हे तिलाच ठाऊक होते. चार वर्षे तिने भाचीला हातांनी पाणी शिकवले, पाऊस शिकवला, रुसणेसुद्धा शिकवले. हनुवटीवर दोनदा बोट टेकवले की 'आत्या', कारण महामायाच्या हनुवटीवर मोठा तीळ होता. ती खूण मयुरीनेच शोधली होती.

मग मयुरीच्या कानाचे ऑपरेशन झाले, मशीन बसले, आणि कुकरच्या शिट्टीला पोरगी पहिल्यांदा दचकली. महामायाचे डोळे आनंदाने वाहू लागले! तिच्यासाठीही विचारून पाहिले होते, पण तिचे वय निघून गेले होते. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमची पद्धत मात्र नवी होती, घरात एकही खूण नको.

"ताई," मंजुश्री रडत, ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश म्हणाली, "पोरीले हात दिसले तं पोरगी तोंड उघडत नाही. तुम्ही इथं असान तोवर बोलनार नाही."

धाकटा भाऊ प्रसेनजित, जो याच बहिणीच्या कडेवर वाढला, भिंतीकडे पाहत राहिला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हिला शब्दाचीही गरज पडली नाही. तिने पिशवी भरली. दारात मयुरी हनुवटीवर बोट टेकवत राहिली, टेकवत राहिली… आणि महामायाने आपले हात पदराखाली घट्ट धरून ठेवले.

तीन वर्षे ती वडनेर भोलजीला, आईबापाच्या रिकाम्या घरात राहिली, लोकांचा कापूस वेचत. खुणा विसरू नयेत म्हणून चुलीपुढे एकटीच हात हलवी. शेजारी वेडी म्हणत. तिला ते ऐकू येत नव्हते, एवढेच बरे.

एका रविवारी प्रसेनजित मयुरीला घेऊन दारात उभा राहिला. खुणा करताना त्याचे हात अडखळत होते, उरलेले ओठांनी सांगत होता.

"ताई, घरी चाल. नव्या मॅडम म्हनतात, खुना बंद करा लागतच नव्हत्या, दोन्ही संगं चालते. वर्गात कल्ला झाला, मशीन बंद पडलं, की पोरीले काहीच समजत नाही. एकटी बसून राह्यते. आमचं चुकलं." त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले.

लागतच नव्हत्या! तीन वर्षांचा वनवास, आणि त्याची गरजच नव्हती…

पण महामाया पाहत होती ती मयुरीकडे. सात वर्षांच्या मयुरीचे ओठ हलले, "आत्या." ज्या आवाजासाठी तिने सर्वस्व दिले, तो तिच्यापर्यंत पोहोचणारच नव्हता. तिने हात पदराबाहेर काढला आणि हनुवटीवर दोनदा बोट टेकवले.

मयुरी गोंधळली. तिने घाईघाईने रुमाल काढून आपली हनुवटी पुसली, रुमालाकडे पाहिले, पुन्हा पुसली, आणि चेहरा वर करून विचारले, "निंघालं का?"

प्रसेनजितने तोंड फिरवले. महामायाने हसून मान हलवली. निघाले.