रपट्यावरचा दगड

ती लुना बंद करा आधी. धूर शेकोटीचाच पुरे आहे. बसा. आणि मधुकर, तू मघाशी काय बोलला ते पुन्हा बोल. "आबाजी, गाड्यांचा वेग पाहायचं काम पोलिसांकडून काढून ठेकेदाराले द्या, सगळे सुतासारखे सरळ होतीन." हेच ना? पेपरात वाचलं असेल. मी चौथीच्या पुढं गेलो नाही, पेपर मला लवकर वाचून होत नाही. पण हे मी पाहिलेलं आहे. भूत मी पाहिलं नाही, ते आधीच सांगून ठेवतो. ते माझ्या साडूनं पाहिलं, रुपरावनं. तो खोटं बोलणारा माणूस होता. हे एक खोटं बोलला नाही.

तारीख सांगतो. अठरा जानेवारी अठ्ठ्याहत्तर, बुधवार. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, चांगलं चांदणं पडलं होतं.

तेव्हा बेसा म्हणजे खेडं. त्याच्या पलीकडं गिट्टीची खदान होती आणि तिथून नागपूरकडं ट्रक पळत. कसे पळत, विचारू नका. त्याआधीच्या दिवाळीच्या तोंडावर एका ट्रकनं शाळेतून येणाऱ्या दोन पोरी उडवल्या. गावानं रस्ता अडवला. मग खदानवाल्यांनी आणि गावातल्या चार पुढाऱ्यांनी तोडगा काढला. चंपतराव नावाच्या ठेकेदारानं माणसं लावून वेग तपासायचा. जो जोरात येईल त्याचा दंड घ्यायचा, अर्धा शाळेला, अर्धा त्याला. गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं काहून बोलू?

काम असं चाले. रस्त्याच्या कडेला चुना फासलेले दोन दगड, मधे बरोबर एक फर्लांग, आताचे दोनशे मीटर. पहिल्या दगडापाशी बळीराम नावाचा माणूस, पायात कधी चप्पल नाही. त्याच्या हातात तीन सेलची बॅटरी, काचेवर पतंगाचा लाल कागद. ट्रकचं चाक दगडाशी आलं की तो बत्ती मारे. दुसऱ्या दगडापाशी रुपराव, हातात स्टॉपवॉच. लाल दिसलं की खटका दाबायचा, ट्रक आपल्यापाशी आला की पुन्हा दाबायचा आणि किती सेकंद झाले तो आकडा जोरात ओरडायचा. पंधराच्या खाली आला की पुढचा माणूस बांबू आडवा टाकून ट्रक अडवे. बस, एवढंच. मला आवडलं होतं ते. साधं होतं.

महिन्याभरात ट्रक हळू झाले. गावाला बरं वाटलं. चंपतरावला नाही. तो रुपरावला म्हणाला, "सारेच सुधारून राहिले बे. मंग आपण काय खावं? पहिला दगड चाळीस पावलं पुढं घे. कोणाले समजते?"

रुपरावनं घेतला. मधलं अंतर कमी झालं, आता शहाणा ट्रकवालाही तेरा सेकंदांत येऊन सापडू लागला. पण त्या चाळीस पावलांनी दगड रपट्याच्या तोंडाशी आला. रपटा म्हणजे बुटका पूल, कठडा नाही, रुंदी एका ट्रकाएवढी. खाली पुरुषभर खोल नाला.

बळीराम म्हणाला, "रुपरावभाऊ, इथं उभं कुठी राहू गा? मांगं नाला आहे."

"नाला दिसते ना तुले? मंग पडू नको."

असं बोलला माझा साडू. त्यानंच मला सांगितलं, म्हणून तुम्हाला सांगतो.

टपरीवर रोज भांडण. दुधाच्या फटफटीलाही दंड झाला, तेव्हा लोक म्हणाले, चंपतराव लुटारू आहे, हाकला त्याला. चहावाला शालिकराम उलटून म्हणे, "दोन पोरी इसरले काय बे? खाते तं खाऊ द्या. गाड्या तं हळू चालून राहिल्या." दोघंही बरोबर होते. तारा, मान हलवू नको, तू तिथं असती तर तूही दोन्हीकडून बोलली असती. पण एक सांगतो. माणूस चुकला तरच ज्याचं पोट भरते, त्याला माणूस सुधारलेला कसा चालेल?

ट्रकवाले चिडले. त्यांनी युक्ती काढली. चांदणं असलं की दगडाच्या अलीकडंच दिवे मालवायचे आणि चांदण्यातच काढून न्यायची गाडी. दिवे नाहीत, तर बळीरामला चाक दिसणार कसं? चोवीस डिसेंबरला, पौर्णिमेच्या आदल्या रात्री, एक ट्रक तसाच आला. बळीराम रपट्यावर. ट्रकवाल्याला माणूस दिसला नाही, माणसाला ट्रक वेळेत दिसला नाही, आणि मागं सरकायला जागा नव्हती.

ट्रक कोणाचा, ते कधी समजलं नाही.

काम बंद पडलं. चंपतराव सांगत फिरला, बळीराम दारू पिऊन आपला दगड सोडून रपट्यावर जाऊन बसला होता. त्याची बायको इंदूबाई. दोन लेकरं पदरात. ती म्हणाली, "माहा माणूस दारूले शिवत नव्हता. त्याले जिथं उभं केलं तिथंच तो मेला. दगडापासून दगड मोजा तुम्ही." कोणी मोजेना. बेसा गावापासून शहरातल्या कचेरीपर्यंत ती पायी गेली, एकदा नाही, आठ-नऊ वेळा. शेवटी एक साहेब कबूल झाला. एकोणीस जानेवारीला सकाळी टेप घेऊन येतो म्हणाला.

अठराच्या संध्याकाळी चंपतराव रुपरावच्या दारात. "आज रात्री दगड जुन्या जागी गेला पायजे. उद्या फर्लांग बरोबर भरला पायजे. तुहीही मान त्यातच आहे, समजला?"

म्हणजे काय, कळलं ना पोट्टेहो? दगड मागं गेला की बळीराम आपली जागा सोडून गेलेला ठरतो. दारुड्या ठरतो. आणि इंदूबाई खोटी.

रुपराव निघाला. सायकलला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, बांधली, हँडलला चुन्याची बादली. टपरी वळणाआड होती, हाकेच्या अंतरावर. मी तिथंच बसलो होतो.

"कुठी चालला गा?"

"जरा काम आहे, भाऊ."

"सब्बल घेऊन?"

पायडल मारलं आणि गेला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी चहा पीत बसलो.

सव्वानऊला तो रपट्यावर पोचला. दगड उपटला. लोटत लोटत चाळीस पावलं मागं नेला, खड्डा करून बसवला, चुना फासला. पाऊण तास गेला. मग बादली घेऊन पुन्हा रपट्यावर आला, जुना खड्डा बुजवायला. उकिडवा बसला. पाठीशी नाला.

तेव्हा दुसऱ्या दगडाकडून कोणीतरी खाकरलं.

त्याला वाटलं, चंपतराव आला. "कोण आहे गा?"

त्यानं निरखून पाहिलं. दुसऱ्या दगडापाशी माणूस उभा होता. एक हात छातीशी धरलेला, घड्याळ धरतात तसा. ती जागा रुपरावची. आणि रुपराव... रुपराव बळीरामच्या जागी.

मग ट्रक ऐकू आला. खदानीकडून. दिवे नाहीत. चांदण्यात रस्ता पांढरा पडलेला, रिकामा. आवाज मात्र येऊन राहिला. जवळ. आणखी जवळ. तो उठला. मागं सरकायला गेला. मागं काही नाही.

गरम वारं अंगावरून गेलं. डिझेलचा वास. खडे सांडल्याचा आवाज.

दिसलं काहीच नाही.

समोरून हाक आली. "तेरा."

आवाज बळीरामचा.

पळायला पाहिजे होतं. पाय उचलेनात. पुन्हा इंजिन. पुन्हा ते वारं, आता बाहीला घासून.

"बारा."

पुन्हा.

"अकरा."

चौथ्या वेळी आवाज रस्त्याच्या मधून आला नाही. कडेनं आला. ज्या कडेला तो उभा, त्या कडेनं. सरळ.

"बळीराम! थांबव गा! म्या सरकवला दगड! म्याच!"

थांबला. तोंडासमोर थांबला. दिसत काही नाही, पण गालाला इंजिनची धग. मग तीही गेली. नाल्याचं पाणी ऐकू येईना. रातकिडे नाहीत...

दुसऱ्या दगडापाशी आता कोणी नव्हतं.

आणि अगदी कानाजवळ, हळू, जसा तो बोलायचा तसा...

"किती पावलं, भाऊ?"

"चाळीस."

"जोरानं."

ते आम्ही टपरीवर ऐकलं. "चाळीस! चाळीस पावलं!" माणूस इतक्या जोरानं ओरडू शकते, हे मला त्या दिवशी कळलं. टपरीवर होतो ते आम्ही तिघं धावलो. रुपराव रपट्यावर पालथा. बादली उपडी, चुना काठापर्यंत पसरलेला. कोणी तिकडं लक्ष दिलं नाही. उचलला, घरी नेला. अंग तव्यासारखं तापलं होतं.

सकाळी साहेब आला. टेप लावला. फर्लांग बरोबर भरला, एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. चंपतराव हसला आणि चहा सांगू लागला. इंदूबाई रस्त्याच्या कडेला खाली बसली. रडली नाही. नुसती बसली.

आणि रुपराव आला. घोंगडं गुंडाळून, थरथरत, बायकोनं धरलेला. सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, टेप बरोबर आहे. दगड खोटा आहे. हा दगड म्या कालच्या रात्री इथं आणला." मग त्या दगडापासून एक एक पाऊल मोठ्यानं मोजत चालू लागला. साहेब मागं, गाव मागं. चाळीसला रपटा आला, आणि खड्डा, अर्धा बुजवलेला.

चंपतराव ओरडला, "ताप डोक्यात गेला त्याच्या! कोण ऐकते?"

"मी ऐकतो," साहेब म्हणाला.

ठेका गेला. कागदावर पुढं दारूचं नाव आलं नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. रुपरावशी गावातलं कोणी वर्षभर बोललं नाही. मीही नाही. ट्रक पुन्हा पळायला लागले, तेही ऐकून घ्या.

पण त्या सकाळचं राहिलं. साहेब खड्डा पाहायला वाकला आणि तसाच राहिला. काठावर रात्री सांडलेला चुना वाळून कडक झाला होता. त्यात दोन पायांचे ठसे. उघड्या पायांचे. रुपरावच्या पायात टायरच्या चपला होत्या, आम्हा तिघांच्या पायात जोडे. येतानाचा ठसा नाही, जातानाचा नाही. बोटं रस्त्याकडं. आणि पायही पुरे नाहीत. बोटं आणि चवडे तेवढे. टाचांच्या जागी रपटा संपला होता, खाली नाला.

गाव एक पाऊल मागं सरलं. साहेबही.

इंदूबाई पुढं आली. खाली बसली. एका ठशाला बोटं टेकवून वीत लावली. मग दुसऱ्याला. आणि पदरानं हळूहळू त्यावरची धूळ झटकत बसली.